कोरी खोली

"गिऱ्हाईक उभं आहे, अन् तू त्या पडद्यात डोस्कं घालून बसली. तो का तुले जेवाले घालते?"

बोलले मी सुनेला, आणि दचकला मात्र जातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन आलेला माणूस. माझा आवाजच तसा आहे. चाळीस वर्षं लग्नघरांत देगी शिजवल्या. तीनशे माणसांच्या गलक्यात झारा मागायचा तर आवाज पातळ ठेवून चालत नाही.

अंजुमने मानसुद्धा वळवली नाही. "दोन मिनिटं, अम्मी. खोली बांधून राह्यली."

ही खोली मी तीन दिवस ऐकत होते. एटापल्लीच्या बसस्टँडमागे आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकान माझ्या लेकाचं, ताबिशचं. मागच्या हिवाळ्यात तो तापाने गेला. सोमवारी अंगात कणकण आली आणि शुक्रवारी आम्ही त्याला माती दिली. तेव्हापासून दुकान अंजुम बघते आणि अंजुमला मी बघते.

त्या माणसाला मीच खुर्ची दिली आणि बसवलं. मग सुनेच्या मागे जाऊन उभी राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी मुंग्यांसारख्या चढत होत्या. मी चौथी शिकलेली, तीही अर्धी. इंग्रजी मला हरभऱ्याएवढंही येत नाही. पण माणूस रडकुंडीला आलं की ते कोणत्याही भाषेत कळतं. सुनेचे कान लाल झाले होते.

भानगड गुणवंतराव गुरुजींनी आणली होती. गुरुजी मूळचे नागभीडचे. आतल्या एका गावात एकशिक्षकी शाळा चालवतात. पहिलीतल्या मुलांना माडिया सोडून काही येत नाही आणि गुरुजींना माडिया येत नाही. ताबिशने त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर एक बोलणारं शब्दांचं पुस्तक बनवलं होतं. चित्रावर टिचकी मारली की माडिया शब्द ऐकू येई आणि खाली मराठी शब्द उमटे. दोन वर्षं गुरुजींची शाळा त्यावर चालली. मग दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी येऊन शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये नवं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, टाकून गेलं आणि पुस्तक उघडेना. गुरुजी दुकानात येऊन म्हणाले होते, "मी पोरांकडे पाहतो, पोरं माझ्याकडे पाहतात. घंटा वाजली की घरी जातो."

ताबिशने पुस्तकाचा कच्चा माल, ज्याला ही लोकं सोर्स म्हणतात, इंटरनेटवर ठेवून दिला होता. कोणीही घ्यावा. पण त्या कच्च्या मालातून नव्या लिनक्सला चालेल असं पॅकेज पुन्हा बनवावं लागणार होतं, आणि ते बनवायला एक वेगळं अवजार लागतं. ते अवजार दुकानातल्या मशीनवर बसवायचं काम माझ्या बारावी पास सुनेने अंगावर घेतलं होतं. नेट मोबाइलचं, तेही टॉवरच्या मर्जीवर. ऐंशी टक्क्यांपर्यंत सामान उतरायचं आणि दोर तुटल्यासारखं विहिरीत जायचं.

"हे अवजार करते का, सांग तरी," मी विचारलं.

तेव्हा तिने खुर्ची वळवली. म्हणाली, हे अवजार कॉम्प्युटरच्या आतच एक कोरी खोली बांधतं. त्या खोलीत काही म्हणजे काही नसतं. आपण यादी द्यायची. यादीत जेवढं लिहिलं तेवढंच सामान खोलीत येतं. मग अवजार आत बसून कच्च्या मालातून पॅकेज बनवतं, पॅकेज बाहेर काढतं आणि खोली पाडून टाकतं. पुढच्या वेळी पुन्हा नवी.

"मंग अडलं कुठी?"

"दर वेळी एक नवीन वस्तू मागते, अम्मी. यादीत लिहिली की पुढं जाते, अन् आणखी एक मागते. ताबिशच्या मशीनवर त एका झटक्यात बनायचं. मी डोळ्यानं पाह्यलं आहे. इथी काऊन बनत नाई?"

तिच्या मांडीवर दोनशे पानी वही होती. तीत मागणी आलेली नावं एकाखाली एक उतरवलेली. सात झाली होती.

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून मी ते लपवलंही नाही. तिला आलापल्लीची गोष्ट सांगितली. नव्या बांधलेल्या घरात लग्न होतं. मी चाळीस जिनसांची यादी दिली, सगळ्या आल्या. देग चढली, गोश्त शिजायला आलं आणि मीठ टाकायला हात बाजूला केला तर मीठच नाही. यजमानीण म्हणाली, बाई, तुमच्या यादीत नव्हतं. खरंच नव्हतं. चाळीस वर्षांत मी यादीत मीठ लिहिलंच नव्हतं, कारण माझ्या घरी मीठ उजव्या हाताशी असतं आणि दुसऱ्यांच्याही घरी असतंच. त्या कोऱ्या घरात नव्हतं.

"तुह्या नवऱ्यानं घरी शिजवलं," मी म्हणाले. "घरी शिजवणारा मीठ लिहीत नाई. हे तुहं अवजार बिघडलं नाई. ते नव्या घरातली यजमानीण आहे. लिहिलं नाई त आणलं नाई."

अंजुमने तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे धड पाहिलं. मग तोंड फिरवून कामाला लागली. मी दाखलेवाल्याचा फॉर्म हातात घेऊन उगाच वाचल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीत अकरा नावं झाली. अकराही नेटवरून आली. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. ओळी भराभरा चढत होत्या. अंजुम पुटपुटत होती, "चल, चल, चल." आणि ओळी थांबल्या. शेवटची ओळ लाल.

तिने ती वाचली. पुन्हा वाचली. मग मला हाक न मारताच म्हणाली, "अम्मी, यात ताबिशचं नाव आलं."

सूप माझ्या हातातून निसटलं. तांदूळ उंबऱ्याभर झाले.

"का म्हणते?"

तिने पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "होम. ताबिश. आवाज. मंगली." बोट लाल अक्षरांवर थांबलं. "म्हणते का ताबिशचं घर, त्यात आवाजाची पेटी, त्यात मंगली. अन् म्हणते, असं घरच नाई."

मी मशीनकडे पाहत राहिले. वर्षभर लोकांनी मला किती तऱ्हेने सांगितलं. अल्लाची मर्जी म्हणाले, चांगला माणूस लवकर जातो म्हणाले. असं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

अंजुमला कळलं ते तिने मला समजावलं. शब्द बोलणारी मंगली म्हणजे लच्छूची बायको. बांबूच्या टोपल्या आणि पत्रावळी घेऊन माझ्याकडे यायचा तो लच्छू. ताबिश दर रविवारी मोबाइल घेऊन तिच्या अंगणात बसे आणि ती एकेक शब्द बोले. तीनशे बारा शब्द झाले होते. ते आवाज त्याने नेटवर चढवलेच नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होते. पॅकेज तो तिथेच बनवायचा, आणि तिथे ते हाताशी असायचे. त्याचं मीठ.

"मंग त्याच्या कॉम्प्युटरातून घे ना काढून," मी म्हणाले.

म्हणाले, आणि तोंडातलं वाक्य संपायच्या आत मला आठवलं.

तो कॉम्प्युटर मी दिला होता. चाळीसाव्याला. आमच्यात गेलेल्याच्या वस्तू गरजवंताला देतात, त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्याला पोचतो. त्याचे कपडे दिले, सायकल दिली, स्वेटर दिला. कॉम्प्युटरपाशी आल्यावर अंजुम म्हणाली होती, "अम्मी, तेवढा राहू द्या." मी म्हणाले, "मयताचं सामान घरात ठेवलं का रडणं घरात राह्यते." चार बायकांसमोर म्हणाले. आणि डबा, पडदा, वायरी सगळं लच्छूला देऊन टाकलं, कारण ताबिश त्याच्या घरचं खात असे. लच्छूने गमछ्यात बांधून, लेकरू उचलावं तसं उचलून एसटीत चढवलं होतं.

आता अंजुम मला काय वाटेल ते म्हणू शकत होती. ती खाली वाकली आणि उंबऱ्यातले तांदूळ वेचू लागली. तिने बोल लावला असता तर बरं झालं असतं. उत्तराला मी कधी कमी पडले नाही.

मंगली पावसाळ्यात वारली होती. तिला परत विचारायची सोय नव्हती. गुरुजींनी त्यांच्या गावातल्या दोन बायका आणून बघितल्या. त्या दहा शब्द बोलल्या, मोबाइलमधून स्वतःचा आवाज ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसत पळाल्या.

म्हणजे कॉम्प्युटर परत मागायला जावं लागणार होतं. आणि गल्लीत विचारा, दिलेली वस्तू परत मागणाऱ्यांबद्दल ही नजमा काय म्हणते. शेजारणीने एकदा लेकीला दिलेली परात परत आणली तर मी तिला दहा वर्षं परातवाली म्हणत होते. समोरासमोर. अंजुम म्हणाली, "मी एकटी जातो." मी म्हणाले, "दिला मी, त मागन बी मीच."

काळीपिवळी जीपने निघालो. सूरजागडच्या रस्त्याला लागलो तसे खनिजाचे ट्रक एकामागे एक. साडी, चप्पल, पापण्या, सगळं धुळीने लाल. पुढे उतरून दोन कोस चाललो. वाटेत गाडीत आणि पायवाटेवर मी वाक्य तयार करत होते. एकही तोंडातून निघेल असं नव्हतं.

लच्छू अंगणात बांबू सोलत बसला होता. "जोहार, बाई," म्हणाला आणि खाट आडवी केली. पाणी दिलं. मी त्याच्या कोंबड्या विचारल्या, गुडघे विचारले, धान किती झालं ते विचारलं. अंजुम माझ्याकडे पाहत होती. मी बांबूचाही भाव विचारला. शेवटी लच्छूच म्हणाला, "बाई, तुमी इतक्या दुरून माह्या कोंबड्या पाहाले नाई आल्या."

"ताबिशचा कॉम्प्युटर पाहिजे होता," मी म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

लच्छूने सुरी खाली ठेवली. उठला आणि घरात न जाता गावाबाहेरच्या वाटेला लागला. आम्ही मागे.

मोहाच्या झाडांखाली दगड उभे होते. त्यांच्या पूर्वजांचे, गेलेल्यांचे. कोणाच्या दगडापाशी मोडकी छत्री, कोणापाशी पाण्याचा गडवा, कोणाची खाट पाय वर करून ठेवलेली. मला माहीत होतं, ती लोकं गेलेल्याच्या वस्तू त्याच्याजवळ ठेवतात. मंगलीचा दगड नवा होता. त्यापाशी ॲल्युमिनियमचं पातेलं, फणी आणि एक काठी. आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, आणखी एक दगड.

त्या दगडासमोर चार बांबूंवर पानांचं छप्पर घातलेलं होतं आणि छपराखाली सपाट शिळेवर माझ्या लेकाचा कॉम्प्युटर होता. डबा, त्यापुढे पडदा, पडद्यापुढे बटणांची पाटी. माऊस वायरीने फांदीला टांगलेला. पडद्याच्या काळ्या काचेत मोहाची झाडं दिसत होती आणि त्यांत तोंड उघडं टाकून उभी असलेली मी.

माझ्या लेकाचा इथे दगड आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कबरीवर जाऊन येत होते आणि हा इथेही होता.

"हे काय करून ठेवलं, लच्छूभाऊ?" मी विचारलं. रागाने विचारायचं होतं.

"तुमी देल्लं," तो म्हणाला. "मी म्हणलं, माह्या घरी कोण वापरन? ज्याचं आहे त्याच्याजवळ असावं. तिकडं तुमच्या कबरीवर आलतो मी, बाई. तिथी त्याच्यासाठी काहीच नाई ठेवलं तुमी. एक लोटा बी नाई. मले लय वाईट वाटलं." दगडाकडे हात करून म्हणाला, "गाववाले पहिले नाई म्हणत होते. मी म्हणलं, माह्या अंगणात जेवलेला आहे."

मी सवाबासाठी दिलेली वस्तू, आणि हा माणूस माझ्याच लेकाला नेऊन देऊन आला होता.

तेव्हा अंजुम पुढे झाली. "काका, त्या डब्यात मंगलीबाईचा आवाज आहे."

लच्छूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी हसते का ते बघायला. मग शेजारच्या दगडाकडे. "कोणत्या मंगलीचा?"

"तुमच्या. ताबिश रविवारी यायचे ना. त्या शब्द सांगायच्या, हे मोबाइलात भरून घ्यायचे. तीनशे बारा."

तो उकिडवा बसला. रविवारी तो रानात बांबूला जायचा. त्याला वाटायचं, पोरगा कोरा चहा प्यायला येतो. तो जमिनीवर काडीने रेघा ओढू लागला. "घरात त दिवसाचे दहा शब्द बोलत नोती," म्हणाला. "तीनशे?"

"हो."

"अन् मले सांगितलं नाई."

बांबूच्या रानापलीकडून ट्रकांचा आवाज येत होता, लांबून. मी म्हणाले, लच्छूभाऊ, तेवढा आवाज काढून घेऊ द्या, शाळेच्या पोरांसाठी पाहिजे. त्याने मान हलवली. नकाराची होती की कशाची, कळेना. म्हणाला, "मी कसा देऊ? माहं नाई ते. ज्याचं आहे त्याले मागा."

आमच्यात दगडापुढे मागत नाहीत. मी सूर्य बघितला, मावळतीकडे तोंड केलं, फातिहा पढली. हात तोंडावरून फिरवले. मग नुसती आई म्हणून वळले.

"ताबिश," मी म्हणाले, "मी देल्लेलं परत मागून राह्यली."

अंजुमने पर्समधून पेचकस काढला.

डब्याचं पत्र्याचं दार उघडलं तर आत वाळवीची माती, पालीची दोन अंडी आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. अंजुमने एकेक वायर ओळखीच्या माणसासारखी बाजूला केली आणि वहीएवढीही नाही अशी हार्ड डिस्क काढून ओढणीत गुंडाळली. अंडी तिने तशीच राहू दिली. दार लावून चारही स्क्रू पुन्हा पिळून बसवले. लच्छूने डबा पुसला, छपराखाली होता तसा सरळ केला. आत काही नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

डिस्क दुकानात जोडली तेव्हा मी तांदूळ घेऊन बसले नाही. सुनेच्या खुर्चीमागे उभी राहिले. डिस्क आधी घरघरली, मग गप्प झाली, मग पुन्हा घरघरली. एकोणीस शब्द गेले. बाकीचे मिळाले. अंजुमने ते कच्च्या मालात ठेवले आणि आवाज कोणाचा त्या ओळीत मंगलीचं नाव लिहिलं. अवजाराने कोरी खोली बांधली, अकराच्या अकरा जिनसा आत घेतल्या, यावेळी मीठही होतं. पॅकेज झालं. खोली पाडली. अंजुमने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तशीच बसून राहिली.

मग मी तिला विचारलं. दोन दिवस जिभेवर होतं. "त्याचा काही आहे का?"

तिने शोधलं होतं. मी सांगायच्या आधीच, सगळी डिस्क. फॉर्म होते, फोटो होते, दुकानाची बिलं होती. त्याचा आवाज कुठेच नव्हता. भरून घेताना तो तोंड उघडत नसे, आवाजात आवाज नको म्हणून. तरी अंजुमने मला एक न कापलेला तुकडा लावून दिला. मंगली एक शब्द बोलते. मग कोंबडी, वारा, काहीच नाही. मग पुढचा शब्द. दोन शब्दांच्या मधे जो गप्प बसला आहे, तो माझा. मी तो तुकडा चारदा ऐकला. मग म्हणाले, बंद कर, बाहेर गिऱ्हाईक आहे.

गुरुवारी शाळेत गेलो. गुरुजींनी लच्छूलाही निरोप धाडला होता. तो धुतलेली बंडी घालून आला, चपला पार फाटकाबाहेर काढल्या. मुलं कॉम्प्युटरपुढे जमिनीवर बसली. अंजुमने पॅकेज टाकलं, पुस्तक उघडलं. चित्रांच्या रांगा. दोन वेण्यांच्या एका मुलीने पाण्याने भरलेल्या मडक्याच्या चित्रावर टिचकी मारली.

"एर," मंगली म्हणाली. पाणी.

जरा वैतागलेला आवाज. कामात असताना कोणी तिसऱ्यांदा विचारावं तसा.

लच्छू मागच्या भिंतीपाशी बसला होता. तो उठला. घाईत नव्हता, विचारातही नव्हता. चाळीस वर्षं उठत आला असेल तसा उठला. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला, मुलांच्या मधून वाट काढत आला आणि पेला पडद्यापुढे ठेवला.

गुरुजी वायरींकडे बघत पुढे झाले. मी हात आडवा घातला.

मुलं एकदा पेल्याकडे, एकदा लच्छूकडे पाहत होती. तो तिथेच उभा होता, पिऊन झालं की पेला परत न्यायचा असतो तसा.